चष्म्यांचं ताट

मार्गशीर्षातला दुसरा रविवार, सकाळ. स्थळ: लक्ष्मीपुरी, आण्णांच्या चष्म्याच्या दुकानावरची खोली. हजर: शिंदे, शिंदे वहिनी, बँकेतला सागर आणि मी. गैरहजर: पोतदार मास्तर. निरोप नाही. आण्णा गेल्यानंतर भरलेला हा पहिला वर्ग.

खरं तर नोंद एवढीच. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी डिस्पॅच सांभाळते. काय आलं, काय गेलं, काय राहिलं हे लिहून ठेवायची सवय हाताला इतकी आहे की घरी वाण्याची यादीही मी क्रमांक घालून करते. आज मात्र नोंद झाल्यावरही पेन खाली ठेवता येईना.

आण्णा म्हणजे दामोदर हेरवाडकर. मूळचे कुरुंदवाडचे. त्यापुढचं चरित्र मला ठाऊक नाही, कारण स्वतःबद्दल ते बोलत नसत. विचारलं तर विषय बदलत. बायको कधीच वारली होती आणि मूलबाळ नव्हतं, हेही मला शेजारच्या बागवान भाभींकडून कळलं. बुटके, रुंद, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी छोटा स्क्रू ड्रायव्हर. गावातल्या निम्म्या लोकांच्या चष्म्याच्या काड्या त्यांनी बसवून दिल्या असतील, पण त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची डावी काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. मी एकदा म्हटलं, "आण्णा, स्वतःचा तरी नीट करा." ते म्हणाले, "चालतंय की. गिऱ्हाईक तक्रार करत न्हाई."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती लांबच्या चष्म्यात चाळिशीचा नंबर घालून घ्यायला. त्याच वर्षी माझी आई गेली होती. सगळं यथासांग झालं होतं, कागदपत्रं, बँक, कपड्यांचं वाटप, सगळं. सगळं झाल्यावर मात्र मला काही सुचेना. फोनवर प्रवचनं ऐकायला लागले. कोणी नामजप सांगत होतं, कोणी श्वास, कोणी दहा दिवसांचं शिबिर. आणि काही जण सांगत होते की करायचं काहीच नाही, तू मुळातच ते आहेस, फक्त ओळख. हे शेवटचं मला सगळ्यात पटत होतं आणि सगळ्यात कमी कळत होतं. करायचं काहीच नसेल तर सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं?

आण्णांनी तपासणीची लोखंडी चौकट माझ्या नाकावर बसवली आणि एकामागून एक भिंगं घालायला लागले.

"हे बरं का हे?"

"दुसरं."

"आता? हे का हे?"

"दोन्ही सारखंच दिसतंय."

"मग थांबायचं. दोन्ही सारखं दिसाय लागल्यावर माणसानं भिंगं बदलत बसू न्हये. उगंच डोकं दुखतंय."

काउंटरवर हिशेबाच्या पॅडखाली वेदान्ताचं एक जुनं पुस्तक दिसलं. मी लगेच विचारलं. आण्णांनी पॅड सरळ करून पुस्तक झाकलं. "खाली भिंगाचं बोलायचं. त्ये रविवारी, वर."

रविवारी वर गेले. सोबत यादी होती. ऐकलेली प्रवचनं, वाचलेली पुस्तकं, जमलेल्या साधना, न जमलेल्या साधना आणि शेवटी ठळक अक्षरात: सुरुवात कुठून करायची?

वर, आण्णांच्या राहत्या खोलीत, सतरंजी होती, खाट होती, एक खुर्ची होती आणि भिंतीला टेकून पोतदार मास्तर बसले होते. निवृत्त चित्रकलेचे शिक्षक, धोतर, ताठ मान. शिंदे दांपत्य होतं. सागर तेव्हा नुकताच यायला लागला होता. आण्णा हातात जेवणाचं मोठं स्टीलचं ताट घेऊन आले आणि प्रत्येकापुढे धरत गेले. मला वाटलं प्रसाद आहे, म्हणून मी ओंजळ पुढे केली. सगळे हसले.

"चष्मा ठेवा हो, मॅनेजरीणबाई," आण्णा म्हणाले. त्या दिवसापासून माझं तेच नाव पडलं.

ही त्यांची पद्धत होती. वर्गाच्या सुरुवातीला सगळ्यांचे चष्मे ताटात गोळा करायचे, कोपऱ्यातल्या मोरीवर साबणाच्या पाण्यानं एकेक धुवायचा आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसायचा. हात पुसत असत आणि तोंडानं वर्ग चालू असे. तेवढा वेळ आम्ही सगळे अंधुक. पुस्तक वाचता येत नाही, टिपण घेता येत नाही, समोरच्याचं तोंडही नीट दिसत नाही. फक्त पाण्याचा आवाज आणि आण्णांचा.

"दिसतंय का काय?"

"नाही," आम्ही म्हणायचो.

"दिसत न्हाई हे कळतंय का?"

"कळतंय."

"ते ज्याला कळतंय त्याला नंबर न्हाई. त्याचा चष्मा माझ्या दुकानात मिळत न्हाई."

एवढंच ते दर रविवारी सांगत. वेगवेगळ्या बाजूंनी, पण एवढंच. मग चष्मे परत वाटत. धुतलेला चष्मा डोळ्यांवर चढला की खोली एकदम जवळ येई. भिंतीवरची भेगसुद्धा नवी वाटे. एकदा त्यांनी, मुद्दाम की चुकून कोण जाणे, शिंद्यांचा चष्मा मास्तरांना दिला आणि मास्तरांचा शिंद्यांना. दोघेही अर्धा वर्ग तसेच बसून माना डोलवत होते. शेवटी शिंदे वहिनी म्हणाल्या, "अहो, मास्तर मला तुमच्यासारखे का दिसायला लागलेत?"

त्या पहिल्या रविवारी वर्ग संपल्यावर मी यादी पुढे केली. आण्णांनी ती शेवटपर्यंत वाचली. खालच्या क्रमांकापर्यंत बोट फिरवत, बिल तपासावं तशी.

"ब्येस केलीया. ह्यात समदं हाय. पण ही यादी करणारी कुठं हाय?"

"मीच केलीय ना."

"मग तिलाच एकदा बगा. कागद काय पळून जात न्हाई."

मला राग आला. मी रस्ता विचारला होता आणि माणूस मला माझाच पत्ता विचारत होता. पण पुढच्या रविवारी मी गेले, आणि त्याच्या पुढच्याही. सुरुवात कुठून करायची हे मी वर्षभर अधूनमधून विचारत राहिले. ते म्हणत, "सांगतो की. घाई काय हाय?"

वर्गाचा एक अलिखित नियम होता. आण्णांना "बरे आहात ना?" असं विचारायचं नाही. विचारलं तर ते लगेच म्हणत, "कोण?" खोकला झालेला असो, ताप असो, "कोण खोकतंय? छाती. मी बगतोय नुसतं." आणि हसत. आम्हाला हे फार आवडलं. लहान मुलाला नव्या खेळाचा नाद लागावा तसा तो आम्हाला लागला. शिंदे जिना चढून आले की म्हणत, "गुडघा दुखतोय. गुडघ्याचा, माझा नव्हे." सागरला साहेबानं सगळ्यांसमोर झापलं, तर म्हणाला, "झापून घेणारा वेगळा, मी वेगळा." मीही मागे नव्हते. एकदा माझे यजमान जेवताना म्हणाले, "आज आमटीत मीठ नाही."

मी म्हटलं, "कोणाला लागत नाही?"

"मला लागत नाही. आणि आत्ता जेवतोयही मीच. मीठ आण."

मीठ आणलं. पण मनात वाटलं, बिचाऱ्यांना अजून कळलेलं नाही.

आण्णांना मात्र सगळ्यांचं सगळं माहीत असे. शिंद्यांच्या मुलाचा पोटाचा त्रास, मास्तरांचं एकटं राहणं, सागरचं न जमणारं लग्न. माझ्या आईच्या तिथीच्या दिवशी मी कामावरून परस्पर दुकानात गेले होते, सैल झालेली काडी आवळून घ्यायला. कोणाला काही बोलले नव्हते. त्यांनी काडी आवळली, चष्मा हातात दिला आणि विचारलं, "सकाळपास्नं जेवलायसा का?" जेवले नव्हते. त्यांनी भाभींकडून भाकरी आणि वांग्याची भाजी मागवली आणि काउंटरच्या आत स्टूल दिलं. मी जेवत असताना ते गिऱ्हाइकाला "हे बरं का हे?" करत होते. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी रडून घेतलं.

म्हणजे विचारणं एका बाजूनं चालू होतं. ते विचारत आणि आम्ही सांगत. आम्ही विचारलं की ते "कोण?" म्हणत. यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही, आण्णांनाही नाही.

खरं तर खूण एकदा मिळाली होती. कृष्णेला पूर आला आणि कुरुंदवाडला त्यांच्या बहिणीच्या घरात पाणी शिरलं. रविवार होता. फोनवर पुराची चित्रं बघत सागर म्हणाला, "शेवटी सगळं मिथ्याच." नुकताच शिकलेला शब्द होता तो. आण्णांच्या हातात मास्तरांचा चष्मा होता. तो त्यांनी तसाच ओला ताटात ठेवला.

"त्या पाण्यात कमरंएवढं हुबा ऱ्हा आणि मग म्हण," ते म्हणाले. "वर्ग बंद."

ते तसेच बसनं गेले, शिरोळपर्यंतच गाडी जात होती म्हणून पुढे मिळेल तसे. पाणी उतरेपर्यंत तिकडेच राहिले. परत आले तेव्हा नखांत गाळ होता. आम्ही त्याबद्दलही काही विचारलं नाही. मास्तर तेवढे म्हणाले, "ज्ञानी माणसाचं कर्म असंच असतं, पाण्यावरच्या रेघेसारखं." आण्णांनी मास्तरांकडे नुसतं बघितलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं मला आज वाटतं. त्या वेळी मात्र ते ताट घेऊन मोरीकडे वळले.

यंदा गणपती उठले आणि थोड्याच दिवसांत आमच्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला. वर्ग काही दिवस बंद. कोणी येऊ नये. आण्णा.

सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. मास्तरांनी एकच शब्द लिहिला: एकांत. शिंदे वहिनींनी लिहिलं, किती मोठी अवस्था. सागरनं विचारलं, त्यांना काही हवं-नको बघावं का? त्यावर शिंद्यांनी लिहिलं, कोणाला? हसण्याची चित्रं आली. मीही एक टाकलं. मग माझ्या पद्धतीनं डायरीत लिहून ठेवलं, आण्णा एकांतात, त्रास देऊ नये. काम नीट हातावेगळं झाल्यासारखं वाटलं.

आठवडे गेले. आमच्यात मोठं आदराचं वातावरण होतं. दर रविवारी वर्गाच्या वेळेला आपापल्या घरी चष्मे काढून बसायचं, असं मास्तरांनी सुचवलं. आम्ही बसलो. मीही डोळे मिटून बसले आणि मला वाटलं, आण्णा वर खोलीत असेच बसले असतील.

एका शनिवारी लक्ष्मीपुरीत दुसऱ्या कामाला गेले होते. दुकानाचं शटर खाली होतं. बागवान भाभी दारात कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या त्या गल्लीत, फळांचा धंदा, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"ओ बाई! तुमी रविवारच्या न्हवं?"

"हो."

"भांडलासा काय आण्णांशी?"

"छे हो. का?"

"मग कुठं गेलासा समदी? दर ऐतवारी जिन्याखाली चपलांनी पाय ठेवाय जागा नसायची. आता एक चप्पल दिसत न्हाई."

"ते एकांतात आहेत ना, भाभी. त्यांनीच सांगितलं."

भाभींनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "एकांत? अवो, पाय मोडलाय त्यांचा! जिन्यावरनं पडलेत. खुब्याचं हाड गेलंय, आणि काळीज दुबळं म्हणून डॉक्टर हात लावंना. भाचा येतोय-जातोय कुरुंदवाडास्नं. दोन टायमाचं मी देतोय. आणि ही रविवारची मंडळी एकांत म्हनत्यात!"

जिना कसा चढले आठवत नाही.

आण्णा खाटेवर होते. दाढी वाढलेली. चष्मा नव्हता, त्यामुळे मी कोण हे त्यांना लगेच कळलं नाही. मग पायांच्या आवाजावरून ओळखलं असावं.

"मॅनेजरीणबाई? आलासा व्हय?"

"आण्णा, तुम्हीच लिहिलं होतं ना, कोणी येऊ नये."

"लिवलं हुतं की." त्यांनी पांघरूण सारखं केलं. "पण तुमी ऐकलासा कशाला?"

भाभींनी आणलेला चहा आम्ही दोघांनी घेतला. त्यांचा कप मी धरला.

"पडलो तवा मी पयल्यांदा त्येच विचारलं," ते म्हणाले. "सवय ना. कोण पडलंय? उत्तर आलं, मी पडलोय की! एवढं सरळ उत्तर जल्मात कधी आलं नव्हतं." ते हसले, पण हसताना कळ आली. "रविवारी जिन्याकडं कान असायचा. वाटायचं, एक तरी येडं येईल. मग कळलं, शानी झाल्यात समदी. मीच केल्यात."

"म्हणजे आम्हाला शिकवलंत ते चुकीचं?"

"चूक न्हाई. अर्धं." त्यांनी हात हलवला, एक भिंग काढून दुसरं घालावं तसा. "मी ह्यो देह न्हवं, हे शिकवलं. ब्येस झालं. पण समदं एकच हाय म्हटल्यावर शिंद्याचा गुडघा माजाच की. त्यो दुसरा अर्धा सांगायचा ऱ्हायला. मला वाटलं, तुमचं तुमाला कळंल. आणि खरं सांगू? कुणी मला विचारावं ह्याची लाज वाटायची. त्या लाजंला मी वेदान्त म्हनत बसलो."

मी पिशवीतून डायरी काढली. अशा वेळी माझा हात तिकडेच जातो. "मग आता सांगा. सुरुवात कुठून करायची?"

या वेळी त्यांनी घाई काय आहे असं म्हटलं नाही. "लिवा. जो येत न्हाई, त्याच्याकडं जायचं. फोन न्हाई करायचा. फोनवर समदी बरीच असत्यात. जायचं. बसायचं. जेवलास का इचारायचं. त्यो कोण म्हनला, तरी बसायचं."

"एवढंच?"

"करून बगा की. मग म्हना एवढंच. दिवाळी झाली की इथनं पुढं वर्ग धरू."

मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सगळे आले, गर्दी झाली, सागर तर पाय धरून रडला. त्या गर्दीत आण्णा खुशीत होते. मास्तर मात्र दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, "मला त्यांना असं बघवत नाही." आणि जिना उतरून गेले.

दिवाळीच्या आधी भाच्यानं त्यांना कुरुंदवाडला न्यायचं ठरवलं. मी रजा टाकून गेले होते. खालच्या रस्त्यावर गाडी उभी. खाटेवरून उचलण्याआधी त्यांनी चष्मा मागितला. तो उशीखाली होता, धूळ आणि बोटांच्या ठशांनी माखलेला. मी मोरीवर गेले. साबणाचं पाणी केलं, धुतला, त्याच धोतराच्या तुकड्यानं पुसला. तांब्याची तार टोचली. मग तो त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग परत माझ्याकडे.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

"उजव्या भिंगावर तुमचं बोट उमटलंय."

मी काढायला हात पुढे केला. त्यांनी मान मागे घेतली. "असू दे. ऱ्हाऊ दे त्ये."

चौघांनी उचलून गाडीत बसवलं. भाभींनी खिडकीतून केळी दिली. गाडी गल्लीच्या वळणावर जरा अडली, समोरून टेंपो येत होता. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. त्यांना वळता येत नव्हतं, पण त्यांनी एक हात वर केला. मग टेंपो मधे आला.

दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. सगळं उरकून झाल्यावरच केला होता. कोणाला त्रास नको असं आण्णांनीच सांगितलं होतं, म्हणाला. मला वाटलं होतं, ते आता असं सांगणार नाहीत.

आज वर्ग भरवायचा म्हणून भाच्यानं किल्ली भाभींकडे ठेवली होती. सतरंजी झटकली. ताट मोरीजवळ उभं होतं. शिंदे वहिनींनी ते पुसून मधे ठेवलं, पण ते घेऊन कोणी फिरेना. शेवटी ज्यानं त्यानं आपला चष्मा आपल्याच ओढणीला, पदराला, रुमालाला पुसला.

"मास्तर नाही आले," मी म्हटलं.

"मौन चालू असेल त्यांचं," सागर म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

जिना उतरताना भाभींनी विचारलं, "ते धोतरवाले मास्तर दिसले न्हाईत?"

"मौन असेल," मी म्हटलं. भाभी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या.

घरी येऊन मास्तरांना फोन लावला. खूप वेळानं उचलला. "मी उत्तम," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. "तुमचं चालू द्या."

मास्तर रंकाळ्याजवळ राहतात, जुन्या चाळीत, वरच्या मजल्यावर. माझ्या वाटेवर नाही. मग स्वयंपाक झाला, उद्याच्या मालाचे दोन फोन झाले, इस्त्रीचे कपडे मोजून झाले. आजच्या कामांपुढे एकेक करून खुणा झाल्या. शेवटची ओळ तेवढी राहिली आहे: पोतदार मास्तर, घरी जाऊन येणे. स्कूटीची किल्ली डायरीवरच ठेवली आहे. ऊन उतरायला लागलंय आणि मी अजून गेलेले नाही.